नवीन ऑल-सीझन परफॉर्मन्स टायर टाकले : पावसातला, थंडीतला आणि बर्फातला अनुभव

ओलीवाट (एडिसन, न्यू जर्सी) | १९ नोव्हेंबर

मंडळी, ऑक्टोबरच्या मध्यावर गाडीला चारही टायर नवीन टाकले. घेण्याआधी दोन महिने वाचत होतो, पण मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून जे अनुभवलं ते इथे लिहितोय. हिवाळा अजून यायचाय, त्यामुळे धागा चालू ठेवीन.

गाडी २०१७ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, टायरचं माप २२५/४० आर१८. दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली तेव्हा तिला उन्हाळी परफॉर्मन्स टायर होते. जुलैमध्ये त्यांच्यासारखी पकड नाही. पण गेल्या जानेवारीत एका सकाळी तापमान २० फॅरनहाइट होतं, म्हणजे शून्याखाली साधारण ७ सेल्सिअस. रस्ता कोरडा, बर्फाचा कणही नाही. सोसायटीच्या उतारावरून बाहेर पडताना ब्रेक दाबला आणि गाडी फरशीवर पाट सरकावा तशी पुढे गेली. शेजारी बायको होती, मागे मुलगी कारसीटमध्ये. काही झालं नाही, पण तो अर्धा सेकंद मी विसरलेलो नाही.

कारण नंतर कळलं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. रस्त्याच्या खरबरीतपणात ते रुतत नाही, नुसतं वरून सरकतं. म्हणजे माझ्या डोक्यात धोका फक्त बर्फाचा होता, आणि गाडी सरकली ती कोरड्या रस्त्यावर, नुसत्या थंडीने.

हिवाळी आणि उन्हाळी असे दोन संच ठेवणं सगळ्यात चांगलं, हे मला मान्य आहे. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, गराज नाही, चार टायर ठेवायला जागा नाही. म्हणून कॉन्टिनेंटलचे एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस घेतले. हे मॉडेल २०२१ साली आलं. टायर, बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) मिळून हजार डॉलरच्या आसपास गेले.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नक्षीत कोरलेली डी, डब्ल्यू, एस ही तीन अक्षरं. डी म्हणजे कोरडा रस्ता, डब्ल्यू म्हणजे ओला, एस म्हणजे बर्फ. टायर झिजत गेला की आधी एस पुसलं जातं, मग डब्ल्यू. एस गेलं की या टायरवर बर्फात जायचं नाही. मोजपट्टी नसलेल्या माणसालाही कळतं.

माझे वडील एसटीत चालक होते. सकाळी गाडी डेपोतून काढायच्या आधी ते टायरवरून तळहात फिरवायचे, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर चाक तिरपं चालतंय. मी लहानपणी त्यांच्यामागे उभा राहून तेच करायचो. जुने टायर उतरवताना तसाच हात फिरवला, तर पुढचे दोन्ही आतल्या कडेला करवत झालेले. म्हणून अलाइनमेंटचे पैसे न कुरकुरता दिले.

आता चालवण्याबद्दल.

पहिले काही दिवस गाडी जपून चालवली. साच्यातून टायर सुटावा म्हणून कारखान्यात जे लावतात त्याचा पातळ थर वर राहिलेला असतो, आणि तो गेल्याशिवाय पकड पुरी येत नाही. साधारण ५०० मैलांनंतर गाडी जागेवर आली.

स्टिअरिंग आधीपेक्षा मऊ वाटतं. वळणात चाक वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. नवीन नक्षी १०/३२ इंच, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर खोल आहे, आणि तिच्यात बर्फासाठी बारीक चिरा आहेत. उंच, चिरलेले रबराचे ठोकळे वळताना थोडे डुलणारच. कुठल्याही ऑल-सीझन टायरला ही किंमत द्यावी लागते. ज्यांना उन्हाळी टायरच्या धारदारपणाची सवय आहे त्यांनी आधी मित्राच्या गाडीवर चालवून बघा.

पाऊस मात्र! एडिसनहून प्रिन्स्टनकडे जाताना रूट वनवर उजव्या लेनमध्ये पाणी साचतं. जुन्या टायरवर तिथे स्टिअरिंग एकदम हलकं व्हायचं आणि पोटात गोळा यायचा. आता पाणी टायरखालून बाजूला फेकलं जातं ते ऐकू येतं आणि गाडी रेषेत राहते. आमच्याकडे वर्षाला ४५ इंचांच्या वर पाऊस, आणि बर्फ मोजक्या दिवसांचा. त्यामुळे माझ्यासाठी टायरची खरी परीक्षा हीच आहे.

एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही बघून घ्याल. टायर बसवून घरी आलो तर मागच्या उजव्या टायरवर बाहेरच्या अंगाला ‘इनसाइड’ असं लिहिलेलं. हे टायर असममित आहेत, आतली नक्षी वेगळी आणि बाहेरची वेगळी. दुकानदाराने एक टायर उलटा बसवला होता. परत गेलो, अर्ध्या तासात सरळ करून मिळाला. दुकानातून निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा, चारही बाजूंना ‘आउटसाइड’ दिसलं पाहिजे.

---

घाटकरी (पुणे) | १९ नोव्हेंबर

वाखूसा (वाचनखूण साठवली). वडिलांची तळहाताची युक्ती आजच करून बघतो.

एक प्रश्न. आमच्याकडे असे ऑल-सीझन टायर घ्यावेत का? माझी हॅचबॅक आहे, पावसाळ्यात ताम्हिणीतून माणगावला बऱ्याच फेऱ्या होतात, सासुरवाडी तिकडे.

---

हिमगौरी (अ‍ॅन आर्बर, मिशिगन) | २० नोव्हेंबर

छान लिहिलंय. आवाजाबद्दल सांगा ना. मी रोज ३८ मैल जाते आणि तेवढेच परत. माझ्या सध्याच्या टायरचा सिमेंटच्या रस्त्यावर इतका घों घों आवाज येतो की घरी आल्यावरही कानात राहतो.

---

ओलीवाट | २० नोव्हेंबर

हिमगौरीताई, नवीन असताना शांत आहेत, ५० मैल वेगाला आईशी स्पीकरवर बोलता येतं. पण तुमचा तो घों घों नक्षी वेडीवाकडी झिजल्याचा असू शकेल. तळहात फिरवून बघा. करवत लागली तर नवीन टायर टाकूनही सहा महिन्यांत तोच आवाज परत येईल, आधी अलाइनमेंट करा.

घाटकरी, तुमचं उत्तर सविस्तर लिहायचंय, रात्री लिहितो.

---

चौथागिअर (स्टुटगार्ट) | २० नोव्हेंबर

अनुभव उत्तम, पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ‘ऑल-सीझन’ या शब्दावर विसंबू नका. टायरच्या बाजूवर चिन्ह कोणतं आहे ते बघा.

एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ. हे नक्षीच्या रचनेवरून मिळतं, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल, तर त्या टायरने बर्फावर पकडीची ठरलेली चाचणी पार केलेली असते. ओलीवाट यांच्या टायरवर फक्त एम+एस आहे, डोंगर नाही.

जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४पासून हिवाळी रस्त्यावर डोंगराचं चित्र असलेलेच टायर चालतात. त्याआधी जुन्या एम+एस टायरना सवलत होती. निसरड्या रस्त्यावर चुकीच्या टायरने सापडलात तर ६० युरो दंड आणि परवान्यावर दंडाचा एक गुण. इथे लोक ‘ओ ते ओ’ म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. मी दोन संच ठेवतो आणि सगळ्यांना तेच सांगतो. घरात लहान मूल असताना तडजोड कशाला?

---

ओलीवाट | २० नोव्हेंबर

चौथागिअर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि चिन्हांचं मी लिहायला हवं होतं. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी दोन संचच ठेवावेत. पण माझ्यासमोर पर्याय होते ते असे : वर्षभर उन्हाळी टायर, किंवा हे. त्या जानेवारीच्या सकाळनंतर मी हे निवडले. आणि डोंगराचं चित्र नाही हे धरूनच ठरवलंय की रस्त्यावर बर्फ साचला की गाडी काढायची नाही. ऑफिसला घरून काम चालतं.

---

क्युबेककर (मॉन्ट्रियल) | २१ नोव्हेंबर

आमच्याकडे ठरवायची मुभाच नाही. क्युबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे, आणि त्यावर ते डोंगराचं चित्र हवंच. ओलीवाट, तुमचे टायर इथे डिसेंबरात चालले नसते.

ज्यांना एकच संच ठेवायचाय पण बर्फही बरा पडतो, त्यांनी चित्र असलेले ऑल-सीझन बघा. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ त्यातला एक. बायकोच्या गाडीला आहे. वळणातली मजा कमी, पण ती बारा महिने निर्धास्त असते.

---

ओलीवाट | २१ नोव्हेंबर

घाटकरी, आता तुमचं.

ताम्हिणीसाठी हे टायर शोधू नका. भारतात मिळणारे नेहमीचे चांगले टायर उष्णता आणि पाऊस धरूनच बनवलेले असतात, आणि ७ अंशांच्या खाली तुम्ही वर्षातून किती वेळा गाडी चालवता? बर्फासाठीच्या चिरांचे पैसे का भरायचे? तुमच्यासाठी दोनच गोष्टी महत्त्वाच्या : नक्षी किती उरलीय आणि हवा किती आहे.

हवेचं गणित सांगतो, मला ते वाचून धक्का बसला होता. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो याचं एक जुनं सूत्र आहे. नासाने विमानांच्या टायरवर काम करून काढलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढायचं आणि १०.३५ने गुणायचं, उत्तर मैलांत येतं. ३६ पौंड हवा असेल तर ६ गुणिले १०.३५, म्हणजे ६२ मैल, जवळपास १०० किलोमीटर. हवा २५ पौंडांवर आली असेल तर ५२ मैल, म्हणजे साधारण ८३ किलोमीटर. मोटारीच्या टायरला हे तंतोतंत लागू नाही, रुंदी आणि नक्षीने फरक पडतो. पण दिशा खरी आहे. एक्स्प्रेसवेवर मोटारींना १०० किलोमीटरची मर्यादा आहे. पाणी साचलंय, हवा कमी आहे आणि तुम्ही मर्यादेत चालवताय, तरी गाडी रस्त्यावर नसू शकते!

आणि तो हलकेपणा स्टिअरिंगला जाणवला तर ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा, चाकं सरळ धरा, टायर परत टेकू द्या.

---

घाटकरी | २२ नोव्हेंबर

हे फार उपयोगी आहे. आमच्याकडे पंपावर हवा भरताना ‘किती टाकू?’ विचारतात आणि आपण ‘तीस टाक’ म्हणून मोकळे होतो. आज दाराच्या खांबावरचं स्टिकर बघितलं, ३३ लिहिलंय. चार वर्षं तीसवर फिरतोय.

घाटात पहिल्या पावसाचं तेलकट पाणी, दरडीबरोबर आलेली माती आणि सावलीतल्या वळणांवरचं शेवाळ, हेही आहेच. तिथे सूत्र नाही, वेग कमी हाच उपाय.

---

नवाचालक (डॅलस) | २२ नोव्हेंबर

टायरवरच्या आकड्यांबद्दल कुणी सांगेल का? माझ्या टायरवर ५०० ए ए आहे, धागाकर्त्यांच्या मॉडेलला ५६० एए ए दिसतं. म्हणजे त्यांचे जास्त टिकणार?

---

ओलीवाट | २३ नोव्हेंबर

पहिला आकडा झिजेचा. तो एका ठरावीक टायरशी तुलना करून काढतात, पण कंपनी स्वतःच देते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलना ठीक, दोन कंपन्यांत फार विश्वास ठेवू नये. पुढचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरच्या पकडीचं, एए सगळ्यात वरचं. वळणातली पकड त्यात येत नाही. शेवटचं अक्षर उष्णता सोसण्याचं, डॅलसच्या उन्हाळ्यात ते ए असणं चांगलं.

याशिवाय डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. ३२२४ म्हणजे २०२४च्या ३२व्या आठवड्यात बनलेला. माझे चारही त्याच वर्षातले आहेत ना, ते बसवण्याआधी बघून घेतलं होतं.

---

ओलीवाट | १६ डिसेंबर

थंडी आली. लिहिण्यासारखं एकच : हवा.

तापमान १० फॅरनहाइटने उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पौंडाने उतरते. मी ऑक्टोबरात ६८ अंशांना भरली होती, परवा सकाळी २० अंश. जवळजवळ ५ पौंड गेले, कुठे पंक्चर नसताना. अमेरिकेत सप्टेंबर २००७पासून नव्या मोटारींना हवा कमी झाल्याचा दिवा सक्तीचा आहे, पण तो साधारण २५ टक्के कमी झाल्यावर लागतो. ५ पौंडांना माझा लागला नाही. दिव्यावर राहू नका, गेज घ्या आणि गाडी थंड असताना सकाळी मोजा.

जीटीआयवाल्यांसाठी : आपल्या गाडीत टायरमध्ये सेन्सर नाही, ती चाकांच्या फिरण्यावरून अंदाज काढते. हवा आधी बरोबर भरा, मग स्क्रीनवर जाऊन दाब साठवा. कमी हवेवर साठवलंत तर गाडी तेच बरोबर धरून बसते.

बाकी ३० फॅरनहाइटच्या थंडीत कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी थांबते. त्याच सोसायटीच्या उतारावर मुद्दाम, मागे कुणी नसताना, तीन वेळा करून बघितलं.

---

ओलीवाट | २६ जानेवारी

काल रात्री चार इंच बर्फ पडला. आज सकाळी ऑफिसच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, बर्फ काढणारा प्लाऊ यायच्या आधी, वीस मिनिटं चालवून बघितलं. घरापासून ऑफिस अर्धा मैल आहे आणि रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, नाहीतर निघालो नसतो.

निघताना चाक थोडं फिरतं आणि मग पकडतं. सरळ रेषेत १५ मैलांवरून ब्रेक मारला, एबीएस कुरकुरलं, गाडी सरळ थांबली, पण वाटलं त्यापेक्षा एक गाडीभर पुढे. वळणात मात्र सावध राहा. २० मैलांना चाक वळवलं तर नाक सरळच जात राहिलं. वेग १२वर आणल्यावर वळली. ताज्या, भुसभुशीत बर्फात चिरा काम करतात हे नक्की. दुपारी तोच बर्फ दबून चकचकीत झाला तेव्हा पकड निम्मीही उरली नव्हती. आणि पुलावरच्या पारदर्शक बर्फापुढे कुठलाच साधा टायर काही करू शकत नाही.

चौथागिअर, तुमचं म्हणणं आज पायाला कळलं. अडकलो तर घरी पोचवतील एवढा विश्वास आला, बर्फात मुद्दाम बाहेर काढण्याएवढा नाही. पोकोनोजला स्कीइंगला जायचं ठरत होतं, मित्राच्या हिवाळी टायरवाल्या गाडीतून गेलो.

---

चौथागिअर | २७ जानेवारी

प्रामाणिक निरीक्षण, धन्यवाद. बर्फात फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी ती निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतो तो टायरच. हे माझ्या ऑफिसात दर हिवाळ्यात कुणालातरी सांगावं लागतं.

---

हिमगौरी | २ फेब्रुवारी

तळहात फिरवला, करवत लागली. अलाइनमेंट करून घेतली, पण आवाज कायम आहे कारण टायर आधीच वाकडे झिजलेत. हिवाळा संपला की बदलणार. मिशिगनचा बर्फ बघता डोंगराचं चित्र असलेलेच घेईन.

---

ओलीवाट | २८ मार्च

पाच महिने, ५,६०० मैल. पुढची नक्षी ९/३२, मागची जवळजवळ नवीन. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे, पुढचे आधी झिजणारच, म्हणून काल पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. बोल्ट १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळले, ५० मैलांनंतर परत तपासले. पेट्रोलची सरासरी हिवाळ्यासकट गॅलनला ३१ मैल, आधी ३२ होती. तीनही अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

मोजपट्टी नसेल तर पावली, म्हणजे इथलं २५ सेंटचं नाणं नक्षीत उभं घाला, वॉशिंग्टनचं डोकं वर ठेवायचं नाही, खाली. केसांचा वरचा कडा दिसायला लागला की ४/३२ उरलंय. कायद्याने बहुतेक राज्यांत २/३२पर्यंत चालतं, पण पावसात मी ४ला बदलीन.

---

घाटकरी | ११ एप्रिल

ओलीवाटदादा, एक निकडीचा प्रश्न. गेज आणलं. पुढचे दोन्ही २ मिलिमीटरवर आलेत, मागचे ५. कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण पावसाळ्यापर्यंत थांबायचं नाही. चारही बदलायचं बजेट नाही, दोनच घेतोय. दुकानदार म्हणतो गाडी पुढच्या चाकांनी ओढते, नवीन पुढेच टाका. बरोबर ना?

---

ओलीवाट | ११ एप्रिल

नाही! नवीन दोन मागे टाका आणि मागचे ५ मिलिमीटरवाले पुढे आणा.

ओल्या वळणात पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंगला ते कळतं, तुम्ही वेग सोडता आणि ती परत येते. मागचे सुटले तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटात ती सावरायला वेळ आणि जागा दोन्ही नसतात. म्हणून दोनच नवीन टाकताना जास्त नक्षी नेहमी मागे, गाडी कुठल्याही चाकांनी ओढू दे.

---

चौथागिअर | ११ एप्रिल

+१. इथेही हेच शिकवतात. दुकानदाराने आग्रह केला तरी ऐकू नका.

---

घाटकरी | १३ एप्रिल

नवीन दोन मागेच टाकून घेतले. दुकानदार आधी तयार नव्हता, मग कारण समजावल्यावर त्याने स्वतः मागचे पुढे घेतले, अलाइनमेंट केली आणि हवा स्टिकरप्रमाणे ३३ भरली. स्टेपनीत हवा बघायला सांगितली तर १४ निघाली, तीही भरून घेतली. शनिवारी माणगावला जातोय. जूनमध्ये पाऊस लागला की ताम्हिणीतून लिहितो.